नाकाबंदी (पोलिसी)

नाकाबंदी म्हणजे रस्त्यावर बॅरिकेड लावून येणाऱ्याजाणाऱ्या गाड्या थांबवून तपासणं. नाका हा शब्द आपल्याकडे जकात नाक्यापासून रिक्षाच्या नाक्यापर्यंत सगळीकडे आहे, त्यामुळे अर्थ कोणाला सांगावा लागत नाही. पेपरात देशादेशांच्या भांडणातली आर्थिक नाकाबंदी येते ती वेगळी.

सिनेमात पोलीस चोराचा पाठलाग करतात, पण खऱ्या मुंबई-पुण्यात तो फारसा जमत नाही. चेन खेचणारे बहुतेक वेळा दोघं असतात, एक बाईक चालवतो आणि मागचा हात घालतो, बाईक बऱ्याचदा चोरीची, नंबर प्लेट वाकवलेली, आणि गल्लीत शिरले की पुढच्या वळणावर जॅकेट काढून गर्दीतलेच एक होऊन जातात. मागे जीप लावली तर ती ट्रॅफिकमधे अडकणार, नाहीतर एखाद्या म्हाताऱ्याला धडक बसणार. म्हणून बीट मार्शल (बाईकवर गस्त घालणारा पोलीस) मागे गेला तरी खरं काम वायरलेसचं असतं. पूर्वी 100 आणि आता 112 वर फोन आला की कंट्रोलकडून वर्णन सुटतं, बाईकचा रंग, अंगावरचा शर्ट, कुठल्या दिशेने गेले वगैरे, आणि पुढच्या हद्दीतले लोक रस्ता आवळतात. चोर जोरात पळाला तरी निरोप त्याच्या आधी पोचतो, सगळी गंमत एवढीच आहे. अर्थात वर्णन चुकलं तर भलत्याच पोराची बाईक तासभर बाजूला उभी राहते, तेही होतं.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण 26/11 चं, म्हणजे 2008 च्या मुंबई हल्ल्याचं. कामा हॉस्पिटलजवळ हेमंत करकरे, अशोक कामटे, विजय साळसकर या पोलीस अधिकाऱ्यांना मारून कसाब आणि इस्माईल खान हे दोन अतिरेकी पोलिसांचीच क्वालिस घेऊन निघाले, तिचा टायर गेला म्हणून एक स्कोडा पळवली. ते कुठे निघालेत हे कोणालाच माहीत नव्हतं, पण कंट्रोलचा मेसेज गेला होता आणि गिरगाव चौपाटीवर डी. बी. मार्ग पोलीस ठाण्याचे लोक बॅरिकेड लावून उभे होते. बहुतेकांच्या हातात नुसत्या काठ्या. स्कोडा वळायला गेली आणि दुभाजकावर अडकली, इस्माईल गोळीबारात मेला, आणि सहायक फौजदार तुकाराम ओंबळे यांनी कसाबच्या एके-47 ची नळी धरून ठेवली, गोळ्या अंगावर घेतल्या पण सोडली नाही. म्हणून तो जिवंत सापडला. ओंबळेंना 2009 मधे मरणोत्तर अशोकचक्र मिळालं.

रोजची नाकाबंदी मात्र कंटाळवाणी असते. कागदपत्रं, डिकी, रात्री दारूची फुंक (100 मिली रक्तात 30 मिलीग्रॅमच्या वर गेलं की मोटार वाहन कायद्याचं कलम 185). जुन्या भारतीय दंड संहितेत चेन हिसकावण्याला वेगळं कलम नव्हतं, चोरी किंवा जबरी चोरीच लागायची, आणि सराईत टोळी असेल तर मोक्का (संघटित गुन्हेगारीविरुद्धचा कायदा) लावायचे. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत हिसकावण्यासाठी कलम 304 आलं, त्यात 3 वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

नाक्याचं कच्चं अंग सगळ्यांना ठाऊक आहे. लांबून बॅरिकेडचा लाल दिवा दिसला की बाईकवाला आधीच्या गल्लीत वळतो. म्हणून हुशार अधिकारी दोन शिपाई त्या गल्लीच्या तोंडाशी अंधारात उभे करतो आणि खरी शिकार बऱ्याचदा तिथेच मिळते.