भटकत चालवलेला एकट्याचा टेक धंदा

एकाच माणसाने बनवलेलं छोटं सॉफ्टवेअर, त्यात कुणा गुंतवणूकदाराचा पैसा नाही, सगळं स्वतःच्या बचतीतून, आणि ते चालवणारा माणूस एका गावात न थांबता महिन्या-दोन महिन्यांनी मुक्काम हलवणारा, असा हा कामाचा प्रकार आहे. अशा माणसाला सोलो फाउंडर, इंडी हॅकर, डिजिटल नोमॅड असं काहीही म्हणतात, आणि बाहेरचा पैसा न घेता धंदा उभा करण्याला बूटस्ट्रॅपिंग. फ्रीलान्सिंगशी ह्याची गल्लत होते पण फ्रीलान्सर तासाचे किंवा प्रोजेक्टचे पैसे घेतो, हात थांबला की पैसे थांबले. इथे एकदा बनवलेली वस्तू महिन्याच्या किंवा वर्षाच्या वर्गणीवर शंभर जणांना विकायची असते.

ह्या प्रकाराचं सगळ्यात जास्त बोललं जाणारं उदाहरण म्हणजे पीटर लेव्हल्स हा डच प्रोग्रॅमर. २०१४ मध्ये त्याने १२ महिन्यांत १२ स्टार्टअप बनवायचं जाहीर केलं आणि त्यातूनच नोमॅड लिस्ट आली, म्हणजे कुठल्या शहरात राहायला किती खर्च येतो, इंटरनेट कसं आहे, हवा कशी आहे ह्याची यादी. तिची सुरुवात सगळ्यांसाठी उघड्या ठेवलेल्या एका स्प्रेडशीटने झाली, लोकांनी आपापल्या शहराची माहिती भरली आणि मग त्याने वेबसाइट केली. पुढे रिमोट ओके हा नोकऱ्यांचा बोर्ड आला. त्याचा कोड पीएचपी, जेक्वेरी आणि एसक्यूलाइटवर चालतो, म्हणजे ज्याला आपल्याकडे इंटरव्ह्यूमध्ये जुनाट म्हणतील असा स्टॅक, सॉफ्टवेअर बनवायच्या तंत्रांचा संच. हे लोकांना आवडतं पण त्याचं दुसरं वाक्य विसरलं जातं, त्याने स्वतःच लिहिलंय की ७० पेक्षा जास्त प्रोजेक्ट केले आणि त्यातले फक्त ४ चालले. हा आकडा प्रत्येकाने नोकरीचा राजीनामा टाइप करायच्या आधी वाचावा असं मला मनापासून वाटतं.

ठाणे-नवी मुंबईत ह्या वाटेला लागणारा माणूस सहसा ऐरोली, महापे, घणसोली ह्या पट्ट्यातल्या आयटी कंपनीत काही वर्षं काढलेला असतो. स्वतःच्या जिवावर छोटा धंदा काढणं ह्या भागाला नवीन नाही, एमआयडीसीची सुरुवातच १९६२ मध्ये ठाण्याच्या वागळे इस्टेटमधून झाली आणि तिथे गाळा घेऊन एक-दोन मशीनवर जॉबवर्क करणाऱ्यांच्या पिढ्या झाल्या. सोलो फाउंडर त्याच जातीचा, फक्त त्याला गाळा लागत नाही. सुरुवात बहुतेक वेळा नोकरी चालू असतानाच रात्री आणि शनिवार-रविवारी होते, आणि इथे ऑफर लेटरबरोबर सही केलेला करार काढून वाचणं फार गरजेचं असतं, कारण बऱ्याच आयटी कंपन्यांच्या करारात नोकरीच्या काळात बनवलेला कोड कंपनीचा धरला जातो आणि दुसरं काम करायला परवानगी लागते. २०२२ मध्ये मूनलाइटिंगवरून, म्हणजे नोकरी चालू असताना गुपचूप दुसरं काम करण्यावरून, नोकऱ्या गेल्या तेव्हा हे कलम पुष्कळ जणांनी पहिल्यांदा नीट वाचलं.

फिरण्याचे फोटो सगळे बघतात, पण ह्या धंद्याची खरी कसोटी एकच आहे, तुमचं सॉफ्टवेअर तुम्ही हात न लावता किती दिवस नीट चालतं. एक आठवडा चालत असेल तर तुम्ही कुठेही जाऊ शकता, आणि रोज रात्री काहीतरी बंद पडत असेल तर गोवा काय आणि घोडबंदर रोड काय, बसायचं लॅपटॉपसमोरच. त्यामुळे मुरलेले लोक सगळं साधं ठेवतात. एक सर्व्हर, एक डेटाबेस, रोजचा बॅकअप दुसऱ्या कंपनीच्या जागेवर, साइट पडली तर फोनवर लगेच मेसेज, आणि मधूनमधून तो बॅकअप खरंच परत उघडतो का हे बघणं. नवीन फीचर टाकून लगेच प्रवासाला निघायचं नाही, आधी दोन-तीन दिवस ते चालू देऊन बघायचं.

पैशाचं गणित छोटं असतं पण ते आधीच करून ठेवावं लागतं. समजा महिन्याला ९ डॉलर किंमत आहे आणि १०० गिऱ्हाइकं आहेत, म्हणजे महिना ९०० डॉलर. त्यातली दरमहा ५ टक्के सोडून जात असतील तर नुसतं तिथल्या तिथे राहायला दर महिन्याला ५ नवीन माणसं आणायला हवीत, आणि ती आणणारेही तुम्हीच. पॅडल, लेमन स्क्वीझी ह्यांच्यासारख्या कंपन्या तुमच्या वतीने विक्रेत्या होतात, वेगवेगळ्या देशांचे सेल्स टॅक्स आणि व्हॅट त्याच भरतात, आणि त्यासाठी साधारण ५ टक्के अधिक ५० सेंट घेतात. ९ डॉलरवर हे ९५ सेंट झाले, म्हणजे दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त गेलं. तेच वर्षाचे ९० डॉलर एकदम घेतले तर कपात ५ डॉलर, म्हणजे अठरावा हिस्सा. वार्षिक प्लॅन पहिल्या दिवसापासून ठेवा असं जुनी मंडळी का सांगतात ते ह्या एका हिशोबात कळतं, शिवाय वर्षभर तो माणूस दर महिन्याला रद्द करू का असा विचारही करत नाही.

गिऱ्हाईक कोण हा प्रश्न फिरण्याशी थेट जोडलेला आहे आणि इथेच बरेच जण अडकतात. कोपरखैरण्यातला एखादा दहावी-बारावीचा क्लास घ्या. सर फीचा हिशोब वहीत ठेवतात, तीन बॅच, काही जणांची फी तीन हप्त्यांत, एका घरातल्या दोन भावंडांना सवलत, आणि दहा तारीख उलटली की सरांना एकाच पानावर हवं असतं की कुणाचे किती बाकी आणि त्याच्या आईचा किंवा बाबांचा नंबर. तुम्ही काउंटरजवळच्या खुर्चीत दोन संध्याकाळ बसलात तर कळतं की डॅशबोर्ड, ग्राफ ह्यातलं सरांना काहीच नको, त्यांना ती बाकीची यादी आणि व्हॉट्सअ‍ॅपवर जाणारी पावती हवीय, आणि सवलतीचा आकडा पावतीवर दिसायला नको कारण दुसऱ्या पालकाने बघितला तर भांडण. असलं ज्ञान घरी बसून मिळत नाही. पण हेच सर पावती अडली की फोन करणार, "जरा येऊन बघता का", आणि तुम्ही तेव्हा हिमाचलात. म्हणून लोकल गिऱ्हाइकांवर वस्तू घासूनपुसून घ्यायची आणि फिरायचं असेल तर विक्री अशा लोकांना करायची ज्यांना ईमेलवर मदत चालते, ही वाट मला जास्त टिकाऊ वाटते.

भारतातल्या गिऱ्हाइकाकडून दरमहा कार्डवर आपोआप पैसे घेणं १ ऑक्टोबर २०२१ पासून अवघड झालं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने त्या दिवसापासून ई-मॅन्डेट, म्हणजे आपोआप कपातीला गिऱ्हाइकाने आधी नोंदवलेली परवानगी, आणि आगाऊ सूचना सक्तीची झाली आणि ५००० रुपयांवरच्या प्रत्येक कपातीला ओटीपी लागू लागला, २०२२ मध्ये ही मर्यादा १५००० केली. भारतीय गिऱ्हाइकासाठी यूपीआय ऑटोपे किंवा सरळ वर्षाचे पैसे हे जास्त सोपं पडतं. आणि तुम्ही स्वतः परदेशात असलात तर तुमच्या सर्व्हरचं बिल भरायलाही ओटीपी भारतातल्याच नंबरवर येतो, त्यामुळे बँकेला जोडलेलं सिम फोनमध्ये चालू ठेवायचं, रिचार्ज संपू द्यायचा नाही, हे पासपोर्टइतकंच महत्त्वाचं.

कागदपत्रं वाटतात तेवढी नसतात. सुरुवातीला प्रोप्रायटरशिप, म्हणजे एकट्याच्या नावावरचा धंदा, पुरते, गुमास्ता म्हणजे दुकान-आस्थापनेची नोंद ऑनलाइन होते, माणसं थोडी असतील तर फक्त सूचना द्यावी लागते. सर्व्हिस विकणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सहसा जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. नोंदणी झाली की परदेशातल्या विक्रीसाठी एलयूटी हे हमीपत्र भरायचं, म्हणजे त्या विक्रीवर टॅक्स न भरता एक्सपोर्ट दाखवता येतो, आणि हे एलयूटी दर आर्थिक वर्षाला नव्याने भरावं लागतं. वर्षात १८२ दिवस किंवा जास्त भारतात राहिलात तर इन्कम टॅक्ससाठी तुम्ही इथले रहिवासी, त्याहून कमी राहणाऱ्यांना आणखी अटी लागतात, तेव्हा तिकिटं काढायच्या आधीच सीएकडे जावं.

फिरायची पहिली जागा बहुतेकांना परदेशात शोधावी लागत नाही. ठाण्यातल्या कितीतरी घरांचं एक घर कोकणात असतं, गणपतीत आणि शिमग्यात उघडणारं, आणि ठाण्याहून किंवा पनवेलहून कोकण रेल्वेने एका रात्रीत कुडाळ, सावंतवाडी गाठता येतं. तिथे महिनाभर काम करून बघणं ही उत्तम चाचणी आहे. जूनच्या पहिल्या वादळात वीज गेली की राउटरला छोटा यूपीएस का लागतो आणि दोन वेगळ्या कंपन्यांची सिम का लागतात हे तिथे शिकलेलं बरं. त्यानंतर गोवा, केरळातलं वर्कला, हिमाचलात धर्मशाळेजवळचं धरमकोट, बीर. परदेशात थायलंडचं चियांग माई आणि इंडोनेशियातलं बाली ही ठरलेली नावं. टूरिस्ट म्हणून जाऊन काम करणं कायद्यात बसतंच असं नाही, म्हणून आता बऱ्याच देशांनी वेगळे व्हिसा काढलेत, थायलंडचा डीटीव्ही हा व्हिसा जुलै २०२४ पासून आहे, ५ वर्षांचा, एका वेळी १८० दिवस राहता येतं आणि खात्यात ५ लाख बाट दाखवावे लागतात. पण वर्षात एकूण १८० दिवस तिथे झाले की तिथला टॅक्सही विचारात घ्यावा लागतो. वेळेचाही विचार हवा, उन्हाळ्यात न्यूयॉर्कला सकाळचे ९ वाजतात तेव्हा ठाण्यात साडेसहा संध्याकाळचे, थायलंडात रात्रीचे ८ आणि बालीत ९. गिऱ्हाइकं अमेरिकेत असतील तर पूर्वेला जाल तितकी रात्र लांबते.

घरच्यांशी बोलणं हा भाग कुणी लिहीत नाही. "नोकरी सोडलीस आणि करतोस काय" ह्याला एका वाक्यात उत्तर नसतं, लग्नाच्या बोलण्यात पगाराची स्लिप मागितली जाते, होम लोनला बँक साधारण दोन-तीन वर्षांचे आयटीआर बघते. त्यामुळे उत्पन्न कमी असलं तरी रिटर्न दरवर्षी वेळेत भरावेत आणि धंद्याचं खातं वेगळं ठेवावं, पुढे ह्याचा फार उपयोग होतो. एकटेपणही येतंच. दर काही आठवड्यांनी नवीन गाव म्हणजे दर वेळी ओळखी शून्यापासून, आणि कामावर बोलायला कुणी नाही, मग वर्षातले चार-सहा महिने घरी राहून बाकीचे बाहेर काढणारे लोक जास्त वर्षं टिकताना दिसतात.

धंदा विकताही येतो. अ‍ॅक्वायर डॉट कॉमसारख्या बाजारात अशी छोटी सॉफ्टवेअरं विकली जातात आणि घेणारा मागच्या १२ महिन्यांचं उत्पन्न, दरमहा किती जण सोडून जातात आणि मालकाला आठवड्याला किती तास द्यावे लागतात एवढं आधी विचारतो. व्यवहारात डोमेन, कोड, सर्व्हर, सपोर्टचा मेल हे हातात दिलं जातं, गिऱ्हाइकांच्या चालू वर्गण्या मात्र पेमेंट कंपनीच्या मदतीने हलवाव्या लागतात, आणि विकणारा त्यानंतर काही आठवडे नव्या मालकाच्या प्रश्नांना उत्तरं द्यायला बांधील असतो.