हिशेब कोणाला द्यायचा? सूचीबद्ध कंपन्यांच्या वार्षिक अहवालाची पार्श्वभूमी

शेअर बाजारात सूचीबद्ध असलेल्या कंपनीने आर्थिक वर्ष संपल्यावर ठरावीक मुदतीत लेखापरीक्षित हिशेब, संचालकांचा अहवाल आणि कारभाराची माहिती नियामकाकडे दाखल करावी व ती कोणालाही पाहता यावी, हा नियम आज बहुतेक देशांत आहे. अमेरिकेत मोठ्या कंपन्यांना वार्षिक विवरणासाठी ६० दिवस मिळतात, युरोपीय संघात चार महिने मिळतात, तर भारतात लेखापरीक्षित वार्षिक निकाल ६० दिवसांत जाहीर करावे लागतात. नमुने आणि मुदती निरनिराळ्या असल्या तरी त्यांच्या मुळाशी असलेला वाद एकच आहे. कंपनीने हिशेब द्यायचा तो सभेला येणाऱ्या सभासदांना, की तिचा शेअर उद्या विकत घेऊ शकणाऱ्या अनोळखी माणसालाही? या वादाचा निकाल लागायला जवळपास शंभर वर्षे लागली.

ब्रिटनमध्ये १८४४ साली व्यापार मंडळाचे अध्यक्ष असलेल्या विल्यम ग्लॅडस्टन यांच्या पुढाकाराने संयुक्त भांडवली कंपन्यांचा कायदा झाला. त्याआधी अशी कंपनी काढायची तर संसदेचा स्वतंत्र कायदा किंवा राजसनद लागे. नव्या कायद्याने साध्या नोंदणीवर कंपनी स्थापन करण्याची मुभा दिली आणि त्या बदल्यात काही अटी घातल्या. कंपनीने ‘पूर्ण आणि रास्त’ ताळेबंद सभासदांपुढे ठेवावा, तो लेखापरीक्षकांकडून तपासून घ्यावा आणि निबंधकाकडे दाखल करावा, असे त्यात म्हटले होते. मात्र ताळेबंदात नेमके काय दाखवायचे हे सांगितलेले नव्हते आणि नफा-तोटा पत्रकाची तर सक्तीच नव्हती. तरीही कंपनीची माहिती ही केवळ तिची खासगी बाब नाही, हे तत्त्व कायद्याने येथे मान्य केले.

पुढे जे घडले ते या इतिहासातील सर्वांत विचार करायला लावणारे वळण आहे, असे मला वाटते. १८५५ साली भागधारकांना मर्यादित जबाबदारीचे संरक्षण मिळाले, म्हणजे कंपनी बुडाली तरी त्यांचे नुकसान गुंतवलेल्या रकमेपुरतेच राहू लागले. साहजिकच कंपनीला कर्ज देणाऱ्यांची आणि नव्या गुंतवणूकदारांची माहितीची गरज वाढली. प्रत्यक्षात १८५६ च्या कायद्याने उलटेच केले. हिशेब आणि लेखापरीक्षणाची सक्ती काढून टाकून त्या तरतुदी नमुना नियमावलीत टाकल्या गेल्या, आणि ती नियमावली स्वीकारायची की नाही हे कंपनीवर सोपवले गेले. कंपनी हा सभासदांमधील खासगी करार आहे, त्यांना हिशेब हवा असेल तर ते तसे ठरवून घेतील, सरकारने मध्ये पडू नये, ही त्यामागची भूमिका होती. सभासद मोजके असतील आणि एकमेकांना ओळखत असतील तेथे हा युक्तिवाद टिकतो. ज्या कंपनीचे शेअर रोज बाजारात हात बदलतात, तिच्या उद्याच्या सभासदाला मात्र या करारात बोलायची संधीच मिळालेली नसते.

सर्वसाधारण कंपन्यांना दिलेली ही मोकळीक जवळपास अर्धशतक टिकली. रेल्वे कंपन्यांच्या हिशेबांचे नमुने १८६८ साली ठरले, आणि सिटी ऑफ ग्लासगो बँक १८७८ मध्ये बुडाल्यानंतर पुढच्याच वर्षी मर्यादित जबाबदारीच्या नव्या बँकांना लेखापरीक्षण सक्तीचे झाले. सर्व कंपन्यांसाठी लेखापरीक्षणाची सक्ती परत आली ती १९०० साली. सार्वजनिक कंपन्यांनी ताळेबंद निबंधकाकडे दाखल करण्याची तरतूद १९०७ मध्ये झाली, तर नफा-तोटा पत्रक सभेपुढे ठेवण्याची सक्ती १९२९ च्या कायद्याने आली.

त्या पत्रकात किती कमी कळत असे, हे दोन वर्षांतच चव्हाट्यावर आले. रॉयल मेल स्टीम पॅकेट या जहाज कंपनीचे अध्यक्ष लॉर्ड किल्सांट आणि लेखापरीक्षक हॅरोल्ड मॉरलंड यांच्यावर १९३१ मध्ये लंडनला खटला चालला. १९२० च्या दशकात कंपनीचा धंदा तोट्यात होता, पण युद्धकाळात बाजूला ठेवलेल्या गुप्त राखीव निधीतून रकमा आणून हिशेबात नफा दाखवला जात होता. त्याची खूण म्हणून हिशेबात ‘कर राखीव निधीच्या समायोजनासह’ अशा अर्थाचे मोजके शब्द होते. असे निधी ठेवणे त्या काळी सर्रास चालत असे, त्यामुळे हिशेबांच्या आरोपातून दोघेही सुटले. किल्सांट यांना शिक्षा झाली ती १९२८ च्या माहितीपत्रकाबद्दल. कर्जरोखे विकण्यासाठी काढलेल्या त्या पत्रकात दहा वर्षांच्या नफ्याची सरासरी दिली होती. सरासरी बरोबर होती, पण त्यातला नफा आधीच्या वर्षांचा होता आणि अलीकडची वर्षे तोट्याची होती, हे वाचणाऱ्याला कळण्याचा काहीच मार्ग नव्हता. खऱ्या आकड्यांतूनही खोटे चित्र उभे राहू शकते, हे न्यायालयाने मान्य केले आणि किल्सांट यांना बारा महिन्यांचा तुरुंगवास झाला. पुढे १९४७-४८ च्या ब्रिटिश कायद्याने राखीव निधींची हालचाल उघड करणे, समूहातील सर्व कंपन्यांचे एकत्रित हिशेब देणे आणि हिशेबातून ‘सत्य आणि रास्त चित्र’ दिसणे बंधनकारक केले, त्यामागे या खटल्याचा मोठा वाटा आहे.

अमेरिकेत हा प्रश्न आधी शेअर बाजारानेच विचारला. न्यूयॉर्क शेअर बाजाराने १८६६ मध्ये डेलावेअर, लॅकवाना अँड वेस्टर्न या रेल्वे कंपनीकडे तिची आर्थिक माहिती मागितली, तेव्हा आम्ही अहवाल काढत नाही, विवरणे प्रसिद्ध करत नाही आणि गेल्या पाच वर्षांत असे काहीही केलेले नाही, अशा आशयाचे उत्तर आले. उत्तरात उद्दामपणा आहे खरा, पण त्या वेळच्या व्यवहारात ते चुकीचे ठरत नव्हते, कारण असे अहवाल देण्याचे बंधनच कंपनीवर नव्हते. बाजाराने १८९५ मध्ये सूचीबद्ध कंपन्यांना वार्षिक अहवाल भागधारकांकडे पाठवण्याची शिफारस केली. काही कंपन्या स्वतःहून पुढेही गेल्या. युनायटेड स्टेट्स स्टीलने १९०२ सालचा लेखापरीक्षित आणि तपशीलवार अहवाल प्रसिद्ध केला, तोही केंद्रीय कायदा येण्याच्या तीस वर्षे आधी.

१९२९ च्या ऑक्टोबरमधील कोसळणीनंतर सिनेटच्या समितीपुढे चौकशी झाली. समितीचे वकील फर्डिनांड पेकोरा यांच्या उलटतपासणीत बँका आणि दलालांनी सामान्य गुंतवणूकदारांपासून काय दडवले होते ते बाहेर आले, आणि पाठोपाठ दोन कायदे झाले. १९३३ चा कायदा नव्याने विकल्या जाणाऱ्या रोख्यांसाठी होता. १९३४ च्या कायद्याने बाजारात आधीच असलेल्या कंपन्यांवर नियमित विवरणांचे बंधन घातले आणि त्यासाठी सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशन स्थापन केले. टेन-के हे वार्षिक विवरण याच चौकटीतले. कंपनी चांगली की वाईट, तिचा शेअर घ्यावा की नाही, हे सरकार ठरवणार नव्हते. कंपनीने सर्व महत्त्वाची माहिती वेळेवर आणि सर्वांना द्यावी, एवढेच ते पाहणार होते. १८५६ च्या ब्रिटिश कायद्याने ज्याला दाराबाहेर ठेवले होते, तो अनोळखी खरेदीदार येथे अहवालाचा पहिला वाचक ठरला.

पण अहवाल मागितल्याने तो खरा ठरत नाही. मॅकेसन अँड रॉबिन्स या औषध कंपनीच्या ताळेबंदातली सुमारे १.९ कोटी डॉलरची मालमत्ता अस्तित्वातच नव्हती, हे १९३८ मध्ये उघड झाले. कॅनडातील गोदामांत असल्याचे दाखवलेला माल कधी आलाच नव्हता. लेखापरीक्षकांनी कागदपत्रे तपासली होती, मात्र गोदामात जाऊन माल पाहणे किंवा येणी असलेल्या ग्राहकांना थेट पत्र लिहून विचारणे तेव्हाच्या पद्धतीत सक्तीचे नव्हते. या दोन्ही गोष्टी १९३९ पासून अमेरिकी लेखापरीक्षणाचा भाग झाल्या.

सत्तर वर्षांनी भारतात त्याच दुखण्याचा प्रत्यय आला. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेसच्या अध्यक्षांनी संचालक मंडळाला लिहिलेल्या पत्रात, वहीत दाखवलेल्या ५,३६१ कोटी रुपयांच्या रोख व बँक शिलकेपैकी ५,०४० कोटी रुपये खोटे असल्याची कबुली दिली. ही कंपनी न्यूयॉर्कच्या बाजारातही सूचीबद्ध होती, म्हणजे दोन देशांच्या विवरणांमधून हा आकडा सुखरूप पार झाला होता. पुढे २०१३ च्या कंपनी कायद्याने लेखापरीक्षक ठरावीक काळाने बदलण्याची सक्ती आणली आणि त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या स्वतंत्र प्राधिकरणाची तरतूद केली, तर सेबीने २०१५ मध्ये सूचीबद्ध कंपन्यांची प्रकटीकरणाची बंधने एका नियमावलीत आणली.

जबाबदारी कागदावरून माणसांवर आणण्याचे काम त्याआधी अमेरिकेत सुरू झाले होते. हिशेबातील घोटाळे उघड झाल्यावर एन्रॉन ही ऊर्जा कंपनी डिसेंबर २००१ मध्ये दिवाळखोरीत गेली, पुढच्या वर्षी वर्ल्डकॉम ही दूरसंचार कंपनी गेली, आणि जुलै २००२ मध्ये सार्बेन्स-ऑक्सली कायदा झाला. मुख्य कार्यकारी अधिकारी आणि वित्तप्रमुख यांनी अहवाल आपण वाचला आहे व आपल्या माहितीप्रमाणे त्यात काही महत्त्वाचे खोटे किंवा वगळलेले नाही, असे स्वतःच्या सहीने प्रमाणित करणे या कायद्याने सक्तीचे केले. अंतर्गत नियंत्रणे चोख आहेत का, याचे मूल्यमापनही द्यावे लागू लागले. कंपन्यांनी खर्चाबद्दल बरीच तक्रार केली आणि लहान कंपन्यांच्या बाबतीत ती रास्तही होती, म्हणून त्यांना नंतर काही सवलती मिळाल्या.

गेल्या दोन दशकांत हिशेबांची भाषा बरीच एकसारखी झाली. युरोपीय संघातील सूचीबद्ध कंपन्यांनी २००५ पासून एकत्रित हिशेबांसाठी आंतरराष्ट्रीय मानके स्वीकारली. कागदी अहवालांची जागा संगणकाला वाचता येणाऱ्या नमुन्यांनी घेतली, त्यामुळे हजारो कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून पाहणे शक्य झाले.

अहवालाचा वाचक कोण, हा मूळ प्रश्न आता पर्यावरण आणि समाजविषयक माहितीच्या निमित्ताने पुन्हा उभा आहे. भारतात बाजारमूल्यानुसार पहिल्या हजार सूचीबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून यासाठी स्वतंत्र अहवाल द्यावा लागतो. जून २०२३ मध्ये जाहीर झालेली आंतरराष्ट्रीय शाश्वतता मानके गुंतवणूकदाराला केंद्रस्थानी ठेवतात आणि हवामानबदलासारख्या गोष्टींचा कंपनीच्या भवितव्यावर काय परिणाम होईल यावर भर देतात. युरोपीय संघाचा नियम मात्र कंपनीचा हवामानावर, कामगारांवर आणि भोवतालच्या वस्तीवर काय परिणाम होतो हेही मागतो, म्हणजे जो कधीच तिचा शेअर घेणार नाही त्यालाही वाचक मानतो. कंपन्यांवरील भाराचे कारण देत युरोपीय संघानेच २०२५ मध्ये या नियमाची अंमलबजावणी अनेक कंपन्यांसाठी दोन वर्षे पुढे ढकलली.