बाण, आवाज आणि पाव सेकंद

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे शिकार बंद झाली. ती बंदच राहावी, असं माझं ठाम मत आहे. बोरिवलीच्या जंगलातलं चितळ नुसतं डोळे भरून बघावं. पण दादरला आमच्याकडे तिरंदाजी शिकणाऱ्या बऱ्याच मुलांचे काका-मामा अमेरिकेत आहेत. तिथे धनुष्याने हरणाची शिकार कायदेशीर आहे. त्यामुळे ‘बाणाने जनावराचे हाल होत नाहीत का?’ हा प्रश्न हमखास येतो.

होतात, नेम चुकला तर फार होतात. पंचवीस ग्रॅमचा बाण सेकंदाला ८५ मीटर वेगाने सुटला तरी त्यात जेमतेम ९० ज्यूल ऊर्जा असते. मोठ्या रायफलच्या गोळीत ती तीन हजारांच्या घरात जाते. म्हणजे बाण धक्क्याने मारत नाही, तो कापतो. विळीच्या धारदार पात्याने बोट कापलं की आधी रक्त दिसतं, कळ मागून येते, तसंच इथेही. बाणाचं पातं वस्तऱ्यासारखं असेल आणि दोन्ही फुप्फुसांतून आरपार गेलं, तर हरीण काही सेकंदांतच कोसळतं. बोथट पातं लावणं हा माझ्या लेखी गुन्हाच.

खरी मेख अंतरात आहे. दोरीचा आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर धावतो, म्हणजे बाणाच्या चौपट. तीस मीटरवरच्या हरणाला तो बाणाच्या पाव सेकंद आधी ऐकू येतो. दचकलेलं हरीण उडी घेण्यासाठी आधी पाय दुमडून खाली बसतं. दचकण्यात थोडा वेळ गेला आणि ०.२ सेकंद उरले, तरी गुरुत्वाकर्षणाने अंग वीसेक सेंटिमीटर खाली येऊ शकतं. फुप्फुसांचा भाग असतो जेमतेम २०-२५ सेंटिमीटरचा. त्याच्या मध्यावर धरलेला नेम मग पाठीत लागतो आणि जखमी जनावर पळून जातं. अंतर पंधरा मीटर असेल, तर हाच फरक दोन-तीन सेंटिमीटरवर येतो. इथे नुसता निशाणा कितीही पक्का असून भागत नाही. बाण सुटल्यावर लक्ष्यच हलतं.

म्हणून जाणता शिकारी नवख्याला आधी जवळ जायला शिकवतो. मग रक्त ओळखायला: फेसाळ गुलाबी म्हणजे फुप्फुस, गडद म्हणजे बहुधा यकृत. रक्तात हिरवट घाण दिसली तर बाण पोटात लागलाय. अशा वेळी कित्येक तास थांबायचं. घाईने मागे लागलं तर जनावर लांब पळतं आणि सापडत नाही.

आणि शेवटी शिकवतो ते बाण न सोडणं. कंपाउंड धनुष्य, म्हणजे टोकांना चाकं असलेलं धनुष्य, पूर्ण ताणलं की त्या चाकांमुळे हातावरचा भार एकदम उतरतो. बाण न सोडता दोरी परत आणताना तोच भार झटक्यात येतो आणि खांदा पुढे ओढला जातो. खांद्याला सराव नसेल, तर माणूस तो झटका टाळायला बाण सोडून मोकळा होतो. म्हणून आमचे सर पोरांना ऐन नेमावर असताना मध्येच ‘उतरव!’ म्हणून ओरडतात, आणि पोरं कुरकुरत का होईना, दोरी सावकाश परत आणतात.