जुळ्या कोकरांची पार्श्वभूमी: सुंदरबन ते फलटण

दख्खनी मेंढी एका वेताला बहुतेक वेळा एकच कोकरू देते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने १९९०च्या दशकात हे बदलायचं मनावर घेतलं, आणि त्यासाठी मेंढ्या आणल्या त्या बंगालच्या सुंदरबनातून.

तिथली गॅरोल मेंढी चणीने अगदी लहान, पण दलदलीत चरून जुळी-तिळी देणारी. १७९२-९३ मध्ये कोलकात्याहून काही मेंढ्या जहाजाने ऑस्ट्रेलियात गेल्या होत्या. पुढे न्यू साउथ वेल्समध्ये कूमा गावाजवळ ‘बुरूला’ नावाच्या शेतावरच्या मेरिनो मेंढ्या भरपूर कोकरं देतात म्हणून गाजल्या. यामागचं जनुक २००१ मध्ये नेमकं सापडलं, आणि तोच बदल गॅरोलमध्येही निघाला. बुरूलाचं माहेर बहुधा बंगालच.

हे जनुक काम करतं ते हार्मोनच्या हिशेबातून. मेंढी दर सतरा दिवसांनी माजावर येते. मेंदूखालच्या पीयूष ग्रंथीतून एफएसएच हे हार्मोन स्रवतं आणि बीजकोशात बीजपुटिका, म्हणजे बीज वाढवणाऱ्या छोट्या पिशव्या, वाढू लागतात. त्यातली एक मोठी झाली की ती इस्ट्रोजेन आणि इनहिबिन ही हार्मोन सोडते. त्याने एफएसएच उतरतं आणि मागे राहिलेल्या पुटिका सुकतात. म्हणून कोकरू एक. बदललेल्या जनुकामुळे पुटिका लहान असतानाच पिकतात. एकेकीचं हार्मोन थोडं, दोन-तिघींचं मिळून एका मोठीइतकं. पीयूष ग्रंथीला फरक जाणवतच नाही, आणि बीजं मात्र दोन-तीन सुटतात. मला यातली सगळ्यात विलक्षण गोष्ट हीच वाटते. दर वेळी हार्मोनचं इंजेक्शन टोचायची गरज नाही. गुण रक्तातच उतरतो.

पण जास्त कोकरं म्हणजे जास्त कमाई, असं सरळ नसतं. मेंढीला सड दोनच. तिळं झालं तर तिसऱ्या कोकराला शेळीचं दूध पाजत बसावं लागतं, आणि वाडा, म्हणजे धनगरांचा फिरता तळ, रोज पुढच्या मुक्कामाला निघालेला असतो. म्हणून धनगराच्या मेंढीत या बदललेल्या जनुकाची एकच प्रत, आई किंवा बाप यांपैकी एकाकडूनच आलेली, असलेली बरी. दोन असल्या की तिळ्यांचं प्रमाण वाढतं. मेंढा मात्र दोन प्रतींचा निवडायचा. तो साध्या दख्खनी मेंढ्यांत सोडला की त्याच्या प्रत्येक लेकीत एक प्रत हमखास येते. मेंढ्यात दोन प्रती आहेत का ते रक्त तपासून लगेच कळतं. जुळी पाहून ठरवायचं तर मात्र त्याची लेक वाढून, गाभण राहून, आणखी पाच महिने थांबावं लागतं.