माधुकरी ते वसतिगृह: पाठशाळेतल्या मुलांच्या सोयींची पार्श्वभूमी

महाराष्ट्रातल्या पाठशाळांचा इतिहास सांगताना गुरू, ग्रंथ आणि परंपरा यांची नावे घेतली जातात. मुलगा जेवत कुठे होता, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. वास्तविक कोण शिकला, किती वर्षे टिकला आणि मोकळ्या वेळात काय शिकला, हे जेवणाच्या सोयीवरच ठरत आले आहे.

जुन्या वेदपाठशाळेत गुरू विद्या देत, क्वचित राहायला ओसरीही देत. जेवणाची जबाबदारी गावाची असे आणि तिचे दोन मार्ग होते. पहिला माधुकरीचा. सकाळची संथा, म्हणजे गुरूंकडून घ्यायचा पाठ, संपली की मुलगा सोवळे नेसून, झोळी व भांडे घेऊन ठरलेल्या घरांपुढे ‘ॐ भवति भिक्षां देहि’ म्हणत उभा राही. साधारण पाच घरे घेण्याची रीत होती. पोळी, भाकरी, भात झोळीत आणि आमटी-ताक भांड्यात. पाच घरच्या पाच चवी एकाच भांड्यात उतरत, त्यामुळे शेवटच्या घरी ताक मिळाले की आधीच्या आमटीचे काय व्हायचे ते व्हायचे. वेळही नेमकी साधावी लागे. घरचा नैवेद्य होण्याआधी गेले तर अन्न मिळत नसे आणि उशिरा गेले तर उरलेले नसे. दुपारचा पाठ लांबला की मुलगा उपाशी राही, म्हणून पाठाचे वेळापत्रक चुलीच्या वेळेला बांधलेले असे.

दुसरा मार्ग वार लावण्याचा. सात घरे, प्रत्येकाकडे आठवड्यातला एक दिवस, पंगतीत बसून जेवण. अन्न ताजे आणि पोटभर मिळे, पण एखाद्या घरी सुतक आले की दहा दिवस ते घर बंद. माणसे गावाला गेली की तो वार रिकामा. शिवाय यजमानाच्या घरची लहानमोठी कामे मुलाच्या अंगावर पडत. दोन्ही मार्गांत आजारी मुलाची पंचाईत होई. चालून जाणे हीच जेवणाची अट असल्याने ताप आला की एखाद्या सोबत्याने त्याच्या वाट्याचे मागून आणावे लागे.

राज्यकर्त्यांची मदत वेगळ्या वाटेने आली. मराठ्यांचे सेनापती दाभाडे यांनी तळेगावात सुरू केलेली, विद्वान ब्राह्मणांना द्यायची श्रावणमासातली दक्षिणा पुढे पेशव्यांनी पुण्यात आणली. पर्वतीच्या पायथ्याच्या रमण्यात, म्हणजे भिंतीने बंदिस्त केलेल्या पटांगणात, ती वाटली जाई, विद्वानांची परीक्षा घेऊन रक्कम ठरे. पेशवाई गेल्यावर इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनने वर्षाला 50,000 रुपये या कामासाठी राखले आणि 1821 मध्ये विश्रामबागवाड्यात सरकारी संस्कृत पाठशाळा निघाली. तिथे विद्यार्थ्यांना वेतन मिळे, म्हणजे दारोदार फिरण्याऐवजी हातात रोख पैसा. पण प्रवेश ब्राह्मणांच्याच मुलांना होता. माधुकरी, वार, दक्षिणा, वेतन या साऱ्या सोयी एका जातीच्या चौकटीत फिरत राहिल्या. विद्येची दारे बंद होती हे आपण नेहमी म्हणतो; पानही तिथेच वाढले जात होते, हे तितक्याच स्पष्टपणे म्हणायला हवे.

ही चौकट मोडण्याचे मोठे काम वारकरी परंपरेत झाले. कीर्तनकार विष्णुबुवा जोग यांनी 1917 मध्ये आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली. बंकटस्वामी, सोनोपंत दांडेकर असे सहकारी त्यांच्यासोबत होते. शुल्क नाही, जातीची अट नाही, चार वर्षांचा अभ्यासक्रम, आणि जेवण? पुन्हा माधुकरीच. फरक एवढाच, पण फार मोठा, की आता शेतकऱ्याचा, बलुतेदाराचा मुलगाही झोळी घेऊन दारात उभा राहिला आणि आळंदीकरांनी त्याला वाढले. एकादशीला मात्र घरोघरी उपवास, त्यामुळे त्या दिवसाची सोय निराळी करावी लागते.

अभ्यासाबाहेरच्या गोष्टींची मुळेही याच रचनेत आहेत. वेदपाठशाळेत प्रतिपदा, अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा व अमावास्या हे अनध्याय. नवी संथा नसल्याने तो दिवस उजळणीला, कपडे धुण्याला, खेळायला मिळे. आळंदीत अवांतर म्हणावे असे फारसे काही नाहीच. गायन आणि पखवाज ज्ञानेश्वरी-गाथेच्या पाठाला लागूनच येतात. मुलगा आधी कीर्तनात टाळकरी म्हणून मागे उभा राहतो, चाली आणि पावली (टाळाच्या ठेक्यावर पाय टाकणे) अंगात मुरल्यावर प्रवचन आणि मग कीर्तन. पखवाज शिकणाऱ्याला पहिले काम मिळते कणीक भिजवण्याचे. डाव्या तोंडाला लावायची ही कणीक घट्ट झाली तर पुडीला, म्हणजे तोंडावरच्या चामड्याला, धरत नाही, वाजवताना सुटते. सैल झाली तर पसरते आणि खर्ज, म्हणजे खालचा भरदार नाद, भरत नाही. कार्यक्रम संपला की ती लगेच खरवडून काढावी लागते, नाहीतर वाळून चामडे खराब करते. पावसाळ्यात वादी (पुड्या ताणणारी चामड्याची पट्टी) सैल पडते, तिच्याखालचे लाकडी गट्टे ठोकूनही सूर टिकत नाही, आणि आषाढीची वाटचाल तर नेमकी त्याच दिवसांत.

गेल्या काही दशकांत आळंदीत लहानमोठ्या खासगी संस्था पुष्कळ निघाल्या. मुले दिवसा शाळेत जातात, सकाळ-संध्याकाळ हरिपाठ, गायन, पखवाज शिकतात, आणि बहुतेक ठिकाणी स्वयंपाक वसतिगृहातच होतो. अन्न वेळेवर मिळते, आजारी मुलाला ताट जागेवर येते; ही सुधारणा खरीच आहे. पण माधुकरीबरोबर एक गोष्ट गेली. रोज येणारा मुलगा दोन दिवस दिसला नाही, त्याच्या अंगावर वळ दिसले, तो हडकला, तर पाच घरच्या बायका विचारत. बंद वसतिगृहात तशी बाहेरची नजर उरत नाही, आणि मुले आठ-दहा वर्षांची असतात. म्हणून पालकाने प्रवेश घेताना कोणत्या चाली शिकवतात त्याआधी या गोष्टी विचाराव्यात: संस्थेची नोंदणी आहे का, रात्री मुलांजवळ कोण झोपते, मुलाला घरी फोन करता येतो का आणि त्या वेळी शेजारी कोण उभे असते, आजारपणाची नोंदवही आहे का, शाळेची हजेरी कोण पाहते. आधी कळवल्याशिवाय कधीही येऊन पालकाला मुलाची भेट घेता येत नसेल, तर त्या संस्थेत मूल ठेवू नये.