शेवाळ खाणारा मासा हवा, पण कुठलं शेवाळ?

प्रवाळांची मोठी टाकी मांडली की दोन-तीन महिन्यांत शेवाळाशी गाठ पडतेच. आधी काचेवर आणि वाळूवर तपकिरी लेप धरतो, मग दगडांवर हिरवी लव येते आणि दुर्लक्ष झालं तर प्रवाळांच्या बुडाशी लांब केसाळ झुपके उभे राहतात. मग माणूस दुकानात जाऊन म्हणतो, ‘शेवाळ खाणारा एखादा मासा द्या’, आणि दुकानदार त्या आठवड्यात जो आला असेल तो पिशवीत बांधून देतो. सहा महिन्यांनी मासा उपाशी दिसतो आणि शेवाळ जिथल्या तिथे. ‘शाकाहारी’ हा शब्द माशांच्या बाबतीत फार ढोबळ आहे. प्रत्येकाचं तोंड वेगळं, दात वेगळे, आतडं वेगळं, त्यामुळे पानावरची आवडही वेगळी.

याचा सगळ्यात गमतीदार दाखला ऑस्ट्रेलियातल्या ग्रेट बॅरिअर रीफचा आहे. टाउन्सव्हिलच्या उत्तरेला ऑर्फियस नावाचं बेट आहे. तिथे सागरी जीवशास्त्रज्ञ डेव्हिड बेलवुड आणि सहकाऱ्यांनी रीफचे, म्हणजे प्रवाळ खडकाचे, काही भाग मोठ्या पिंजऱ्यांनी झाकले, म्हणजे शेवाळ खाणारे मोठे मासे आत शिरू नयेत. तीनेक वर्षांत आत सरगॅसमचं रान माजलं. सरगॅसम म्हणजे मालवणच्या खडकांवर हिवाळ्यात दिसतं त्या वंशाचं तपकिरी, पानाळ शेवाळ. मग पिंजरे काढले आणि पाण्याखाली कॅमेरे लावले. अपेक्षा अशी की पोपटमासे आणि सर्जन मासे तुटून पडतील. त्यांनी त्या रानाकडे जवळजवळ ढुंकूनही पाहिलं नाही. काही आठवड्यांत ते साफ केलं प्लॅटॅक्स पिनाटस नावाच्या बॅटफिशने, ज्याला तोवर कुणी शाकाहाऱ्यांत धरतच नव्हतं! हा अभ्यास 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. रीफवर रोज खुरटी लव चरणारे मासे वेगळे आणि वाढलेलं रान तोडणारे वेगळे, हे त्यातून लख्ख दिसलं. (हा बॅटफिश घरी आणायचा मोह मात्र नको. काळ्या अंगाला नारिंगी काठ असलेलं त्याचं पिल्लू दिसतं देखणं, पण टाकीत बरेचदा अन्नाला तोंड लावत नाही, आणि जगलंच तर मोठेपणी प्रवाळांना नि समुद्रफुलांना टोचायला लागतं.)

टाकीतही हाच हिशोब लागू पडतो. आधी शेवाळ ओळखायचं, मग तोंड निवडायचं.

सर्जन माशांपासून सुरुवात करू, कारण दुकानात ‘टँग’ म्हणून विकले जाणारे बहुतेक मासे याच कुळातले. शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना धारदार काटा असतो, त्यावरून हे नाव पडलं. जाळीत अडकवून बाहेर काढताना तो काटा बोटावर चालला की नावाचा अर्थ लगेच कळतो. हवाईचा पिवळा टँग हा झेब्रासोमा वंशातला. त्याचं तोंड पुढे निमुळतं निघालेलं, दात चपटे आणि कडेला दातेरी. खडकाच्या फटीत तोंड घालून तो आखूड लव कातरतो आणि हे काम दिवसभर चालतं. त्याच्याशेजारी कोले टँग ठेवून पाहा. हा टिनोकीटस वंशातला. याचे दात बारीक, लवचिक आणि पुष्कळ, अगदी फणीसारखे. त्याला कातरता येत नाही. तो ओठ खडकावर टेकवतो आणि वरचा लेप, म्हणजे डायटम (डोळ्यांना न दिसणारं एकपेशीय शेवाळ) आणि बसलेला गाळ, विंचरून घेतो. काचेवर तो चरून गेला की ओठांचे गोल ठसे उमटलेले दिसतात. म्हणजे केसाळ शेवाळासाठी कोले आणला तर पैसे वाया आणि तपकिरी लेपासाठी पिवळा टँग आणला तरी निराशाच. दोघे एकत्र असतील तर मात्र कामाची वाटणी छान होते.

नासो टँगबद्दल मला थोडं कडक बोलायचंय. दुकानात तो बोटभर असतो, मोठा झाल्यावर दीड फुटांच्या जवळ जातो. त्याची आवड तपकिरी पानाळ शेवाळाची, जे घरच्या टाकीत क्वचितच उगवतं. हिरव्या झुपक्यांसाठी नासो घेणं म्हणजे त्या माशावरही अन्याय.

झुपक्यांसाठी माझं मत रॅबिटफिशला. यातला फॉक्सफेस सगळ्यांना माहीत असतो, पिवळं अंग आणि काळं-पांढरं तोंड. हा टँगपेक्षा कमी नखरेल आहे आणि जाडसर शेवाळही चावतो. पण पोट भरलं नाही तर मांसल प्रवाळांना टोचू शकतो. त्याच्या परांचे काटे विषारी असतात, टाकीत हात घालताना तो कुठे आहे हे बघूनच घालायचा. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवायचा आणि डॉक्टर गाठायचा.

लाल चिकट थर दिसला तर माशांच्या नादी लागूच नका. ते शेवाळ नसून सायनोबॅक्टेरिया नावाचे जिवाणू असतात आणि त्यांना सहसा कुणी तोंड लावत नाही. तसंच झुपके बोटभर लांब झाले असतील तर आधी हाताने उपटून काढा. लांब शेवाळात गाळ अडकतो आणि गाळ भरलेलं शेवाळ चरणारे मासे टाळतात. नव्याने फुटणारा कोंब मात्र ते आवडीने खातात.

आणखी एक गोष्ट विसरली जाते. माशाने खाल्लेलं शेवाळ टाकीतून जात नाही. विष्ठेतून नायट्रोजन आणि फॉस्फेट पाण्यात परत येतं. ते बाहेर काढायचं तर स्किमर (पाण्यातली घाण फेसाबरोबर बाहेर काढणारं यंत्र) हवा, पाणी बदलायला हवं किंवा शेवाळच वेगळ्या जागी वाढवून कापून फेकायला हवं. टाउन्सव्हिलच्या मत्स्यालयात 1987 साली 25 लाख लिटरची प्रवाळ टाकी सुरू झाली, तेव्हा तिथे हाच मार्ग धरला होता. उजेडाखालच्या जाळ्यांवर शेवाळ वाढवायचं आणि खरवडून काढायचं.

समजा, टाकी 8 फूट लांब आणि अडीच-अडीच फूट रुंद-उंच, म्हणजे साधारण 1400 लिटरची आहे. मी आधी एक लॉनमोअर ब्लेनी, म्हणजे खडकावरची लव खरवडणारा छोटा मासा, सोडेन, मग कोले, मग फॉक्सफेस आणि पिवळा टँग सगळ्यात शेवटी. टँग जागेवर हक्क सांगतो आणि स्वतःसारख्या अंगाच्या माशाला छळतो. भांडण पेटलं तर काचेला बाहेरून आरसा लावा, दोन-चार दिवस तो स्वतःच्या प्रतिमेशीच झुंजत बसतो. तांबड्या समुद्रातला सोहल टँग या टाकीत नको, तो एकटाच सगळ्यांना पुरून उरतो.

प्रत्येक मासा आधी वेगळ्या टाकीत काही आठवडे ठेवायचा. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग टँगना सगळ्यात आधी धरतो आणि त्यावरचं तांब्याचं औषध प्रवाळांच्या टाकीत घालता येत नाही, कारण प्रवाळ आणि गोगलगायी त्याने मरतात.

टाकी स्वच्छ झाली की या सगळ्यांची उपासमार सुरू होते. शेवाळात पोषण कमी, म्हणून त्यांना दिवसभर काहीतरी चरायला लागतं. ‘सुशी’ या जपानी पदार्थाभोवती गुंडाळतात त्या नोरीचा, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाच्या पातळ पानाचा, बिनमसाल्याचा तुकडा क्लिपने काचेला लावा, रोज. मासा समोरून पाहा. पोट खपाटीला गेलेलं असेल आणि पाठ डोक्यामागे सुरीच्या धारेसारखी झाली असेल, तर नोरी दिवसातून दोनदा लावा आणि ती नक्की कोण पळवतंय ते पाच मिनिटं उभं राहून बघा.