सिक्स-जी पास म्हणजे कायमचा परवाना नव्हे

भोसरी-चाकणच्या फॅब्रिकेशन शॉपमध्ये एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: वेल्डर एकदा सिक्स-जी ही पाइप वेल्डिंगची टेस्ट पास झाला, की कुठलंही काम, कधीही करायला मोकळा. हे अर्धंच खरं. या टेस्टमध्ये ४५ अंशांत तिरका, न फिरवता बांधलेला पाइप जोडता आला, की बाकीच्या पोझिशन (आडवी, उभी, डोक्यावरची) मान्य होतात. प्रोसेस, म्हणजे वेल्डिंगची पद्धत, मात्र नाही! एएसएमई सेक्शन नाइन या वेल्डर-पात्रतेच्या अमेरिकी कोडनुसार रॉडवर दिलेली टेस्ट आर्गॉन वेल्डिंगला चालत नाही. जाडीची मर्यादाही टेस्ट पीसवरून ठरते. शिवाय ६ महिने त्या प्रोसेसने वेल्डिंग केलंच नाही, तर पात्रता संपते. लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट तेव्हा शोभेचं. नवीन टेस्ट पीस पास झाला, की जुनी रेंज, म्हणजे आधी मान्य असलेल्या पोझिशन आणि जाडी, परत मिळते. म्हणून चांगला इन्स्पेक्टर आधी कंटिन्युइटी लॉग, म्हणजे वेल्डरने कुठल्या प्रोसेसने कधी काम केलं याची नोंद, मागतो.